पाचवं काहून

शोध कसा लावायचा हे मी शिकवत असे, असं कुणाला सांगितलं की तो आधी माझ्याकडे बघतो आणि मग हळूच माझ्या बायकोकडे. बायको म्हणते, "हो, शिकवत होते. घरातला गळका नळ मात्र शेवटी प्लंबरनंच बसवला." तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो की मी स्वतः एकही शोध लावलेला नाही. पोहायला शिकवणाऱ्याला निदान एकदा तरी पाण्यात उतरावं लागतं. शोध शिकवणाऱ्यावर ती सक्ती नाही.

मूळचा मी आयटीआयमधला, फिटर ट्रेडचा निदेशक. उभी हयात पोरांना कानस कशी धरायची आणि धरल्यावर बोटं कशी शाबूत ठेवायची हे शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर वाशीमच्या घरी ओट्यावर खुर्ची टाकून राहिलेली पुस्तकं वाचावीत असा बेत होता. तो भाऊसाहेबांनी मोडला.

भाऊसाहेब हे केनवडकडचे संस्थाचालक. शाळा, कॉलेज, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय असा त्यांचा शैक्षणिक पसारा. त्यांचा एक भाचा आफ्रिकेत हार्डवेअरचं दुकान चालवतो. त्याच्या ओळखीतून असं ठरलं की तिकडच्या वेगवेगळ्या देशांतली नऊ तरुण मुलं-मुली सहा महिने इथं येऊन राहतील आणि आम्ही त्यांना शोध लावायला शिकवू. केंद्राचं नाव 'आंतरराष्ट्रीय नवनिर्मिती, सर्जनशील विचार व समस्यानिवारण प्रशिक्षण महाकेंद्र'. इमारत चार खोल्यांची. नाव इमारतीवर मावेना म्हणून आवारभिंत बांधली, असं गावात म्हणत. मला आधी तो चावटपणा वाटला. नंतर भिंत चालून पाहिली तेव्हा पटलं. रस्त्यापासून निघालेली अक्षरं पार मागच्या गायरानापर्यंत जात होती, आणि 'महाकेंद्र' वाचून होईस्तोवर माणसाला दम लागत असे.

मुलं आली त्या दिवशी त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीनं केला. मग पतसंस्थेनं, मग दोन गणेश मंडळांनी (एकमेकांशी न बोलणाऱ्या), मग कॉलेजनं. आपल्याकडे माणूस दिसला की त्याचं काय करायचं हे सुचत नाही, तेव्हा सत्कार करतात. पंधरवड्यात वसतिगृहात नारळांची रास लागली. मी पहिला पाठ तोच दिला. म्हटलं, ही शाली-नारळांची अडचण, सोडवा. चिसोमो नावाची मुलगी मलावीच्या ब्लांटायर शहरातली, बापाचं शिवणाचं दुकान. तिनं सगळ्या शाली जोडून वाशीमच्या थंडीला पुरतील अशा जाड दुलया शिवल्या. नारळांची मेसमध्ये चटणी सुरू झाली ती संक्रांतीपर्यंत संपली नाही. क्वाबेना हा घानाचा, कुमासीचा. मोबाइल दुरुस्तीत हात बसलेला. त्यानं मला विचारलं, "सर, पण सत्कार थांबवायचा शोध नाही का लागणार?"

म्हटलं, "बाबा रे, आपण सोपी उदाहरणं आधी घेऊ."

बाहेरच्यांना वाटतं, शोध शिकवणं म्हणजे यंत्र बनवायला शिकवणं. तसं नाही. या कामात सगळ्यात अवघड असतं ते उपाय सुचल्यावर तोंड दाबून धरणं. माणूस तुम्हाला कधीच अडचण सांगत नाही, त्याला सुचलेला उपाय सांगतो. तो म्हणतो, मला शिडी पाहिजे. त्याला पाहिजे असतात चिंचा. तेव्हा त्याला विचारायचं, शिडी कशाला? पुन्हा, ते कशाला? असं पाच वेळा. ही युक्ती जपानी कारखान्यांतून आलेली, आणि आयटीआयमध्ये आम्ही ती भिंतीवर लावलेली असे, म्हणजे कुणी वाचत नसे. मुलांनी मात्र ती मनावर घेतली. आमचा वर्ग इंग्रजीत चाले, पण मेसवाल्या बाईंच्या कृपेनं मुलं महिन्याभरात वऱ्हाडी बोलू लागली होती, आणि ज्ञानार्जनाला इंग्रजी 'व्हाय'पेक्षा आपलं 'काहून' फार धारदार पडतं.

मग आम्ही ग्रामपंचायतीसमोर एक समस्यापेटी ठेवली. आठवड्यानं उघडली. त्यात शेजाऱ्याच्या कोंबड्या होत्या, सासू होती, एक जुनी लग्नपत्रिका होती, आणि एका बापानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'मुलाचं लग्न जमत नाही. शोध लावावा.'

क्वाबेना वही-पेन न घेता त्या माणसाच्या घरी गेला. मी मागे.

"लग्न काहून नाही जमत, काका?"

"पोरी गावात याले तयार नाइत ना."

"काहून?"

"पावसाळ्यात गाडी येत नाइ गावात."

"काहून?"

"पूल वाहून गेला."

"काहून?"

"अरे बाप्पा, रेतीच रेती होती त्याच्यात. सिमेंट कुठी होतं?"

"काहून?"

इथं त्या माणसानं दाराबाहेर डोकं काढून दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाला, "चाय घेता का?"

पुलाचं काम भाऊसाहेबांच्या मेव्हण्यानं केलेलं. हा योगायोग समजून आम्ही पुढची अडचण घेतली. शाळेतला नळ. पाचवं काहून भाऊसाहेबांच्या अंगणात. मग वस्तीवरचा दिवा. पाचवं काहून तिथंच. नऊ जणांतलं कुठल्याही देशाचं पोर कुठल्याही टोकानं सुरुवात करो, चार पायऱ्या चढलं की पाचवीवर भाऊसाहेब चपला काढून बसलेले. विज्ञानात इतका एकसारखा निष्कर्ष क्वचित मिळतो.

भाऊसाहेबांनी मला बोलावलं. व्यासपीठावर ते शुद्ध बोलतात, खाजगीत खरं.

"सर, पाच कायले? चारमंधी नाइ भागत?"

"पद्धत पाचाची आहे, भाऊसाहेब."

"परदेशातली लेकरं हायेत. थकून जातीन. चारच विचारा."

असा तोंडी आदेश निघाला. जगात कुठल्याही प्रशिक्षण केंद्रात कुतूहलाला अशी कमाल मर्यादा नसेल. मुलांना मी तो जसाच्या तसा सांगितला. चिसोमोनं गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाली, "म्हणजे इथं पाचवं काहून महाग आहे."

आता गोदाबाई. मला हा लेख लिहायचा आहे तो खरं तर तिच्यासाठी.

ती पेटीत चिठ्ठी टाकणाऱ्यातली नव्हती. एका सकाळी पदर खोचून सरळ वर्गात आली. मी म्हटलं, "मावशी, अडचण असेल तर पेटीत टाका, क्रमानं घेऊ."

"पेटीत काय टाकू? रोही टाकू?"

रोही म्हणजे नीलगाय. नावानं गाय, अंगानं घोडा, दाढीनं बोकड, आणि कायद्यानं सुरक्षित. गोदाबाईचं शेत केंद्राच्या भिंतीला लागून, दीड एकर, त्यात हरभरा. हरभऱ्याचे घाटे भरत आले की कळप यायचा. दोन वर्षं पीक घरात आलंच नव्हतं. मुलगा गजानन आणि सून दरवर्षी ऊसतोडीला जात, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कमरेएवढा नातूही बरोबर. यंदा जाताना गजानन तिला म्हणाला होता, "माय, एक डाव हरभरा घरात आणून दाखव. मंग मी कोयता उचलत नाइ."

हे सांगताना तिचा आवाज जरा खाली गेला. मग तो तिनं पुन्हा वर उचलला. "तुमच्याकडं तं वाघ-सिंह असतेत म्हणे. मंग रोही कसा हाकलाचा, सांगा."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. सगळी शहरातली.

"तू सिंह पाह्यला का रे बावा?" तिनं क्वाबेनाला विचारलं.

"पाह्यला."

"कुठी?"

"बिस्किटाच्या पुड्यावर."

गोदाबाईनं त्याला खालून वर न्याहाळलं. "मंग आपन सारखेच," ती म्हणाली आणि बाकावर बसली. अडचण वर्गात दाखल झाली.

इथं क्वाबेनानं मी शिकवलेला पहिला नियम मोडला. त्याला उपाय लगेच सुचला आणि त्यानं तोंड दाबलं नाही. जुना मोबाइल, स्पीकर, वर उलटी बादली, आणि जवळून काही हललं की वाघाची डरकाळी. रोही बुजावेत म्हणून गोदाबाईनं शेताभोवती जुन्या साड्या बांधल्या होत्याच. त्या साड्यांच्या आत ते यंत्र ठेवलं. डरकाळी त्यानं कुठल्याशा व्हिडिओतून उतरवून घेतली होती. अस्सल होती. मी ती दिवसाउजेडी वर्गात ऐकली तरी खुर्ची मागे सरकवली.

रोह्यांनी एक दिवस विचार केला. दुसऱ्या दिवसापासून ते बादलीभोवतीच चरू लागले. पण आजूबाजूच्या तीन गावांत वाघ आला. तूर सोंगायला मजूर मिळेना. शाळा लवकर सुटू लागली. वनखात्याची माणसं येऊन ठसे शोधून गेली. मोबाइलवर बातम्या देणारा एक पत्रकार आला, आणि त्याच्यासमोर भाऊसाहेबांनी निवेदन केलं की घाबरण्याचं कारण नाही, महाकेंद्रातील आफ्रिकन तज्ज्ञ वाघाच्या बंदोबस्तासाठी प्रशासनाला सर्वतोपरी सहकार्य करतील. तज्ज्ञ तेव्हा खोलीचं दार लावून बसले होते, कारण वाघ आपलाच आहे हे अजून त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

उलगडा एका गुराख्यानं केला. तो डरकाळी ऐकून बाभळीवर चढला होता, तिथून तासाभरानं काट्यांसकट उतरला. चावडीवर त्यानं सांगितलं, "वाघ गुरगुरला. मंग थांबला. मंग म्हने, व्हिडिओ आवडला असन तं चॅनल सबस्क्राइब करा."

रोही सोडून सगळे भ्याले, असा त्या प्रयोगाचा निष्कर्ष मी फळ्यावर लिहिला. क्वाबेना बादली उचलून आणून खोलीत जाऊन बसला. गोदाबाईनं त्याला हिरव्या हरभऱ्याचा एक डहाळा पाठवला. "भाजून खा म्हना. राह्यलाच किती हाये."

आणि खरंच, एक कोपरा साफ झाला होता.

चिसोमोनं यंत्रबिंत्र काही मागितलं नाही. पीक राखायला शेतात चार खांबांवर बांधलेला माळा असतो, त्यावर ती गोदाबाईशेजारी जाऊन बसू लागली. पहाटे उजाडताना आणि संध्याकाळी दिवस कलताना. दोघी बोलत. कशाबद्दल, ते मला नीटसं कळलं नाही, पण एकदा मी खालून जाताना ऐकलं.

"तुह्या बापाच्या दुकानात नेसत्या साड्याईले फॉल लावतेत का व?"

"आमच्याकडे साडी नाइ, मावशी."

"साडी नाइ? मंग शेताले काय बांधता?"

काही दिवसांनी चिसोमो वर्गात आली आणि फरशीवर खडूनं नकाशा काढला. एका अंगाला गायरान, उंच, गवताचं. दुसऱ्या अंगाला नाला. त्यावर बंधारा, बाराही महिने पाणी. मधे महाकेंद्राचं आवार आणि त्याला चिकटून गोदाबाईचं शेत.

"ते हरभरा खायला येत नाहीत," ती म्हणाली. "ते पाण्यावर जातात. वाटेत हरभरा लागतो. थेट गेले तर एवढं नुकसान नाही. पण साड्या दिसल्या की बिचकतात, शेतातच घुटमळतात, आणि घुटमळताना खातात. आपणही लग्नात तसंच करतो."

मग तिनं आदेशाप्रमाणे मोजून चार काहून विचारले. रोही शेतात काहून येतात? पाण्यावर जायला. याच वाटेनं काहून? जुनी वाट बंद झाली. बंद काहून झाली? भिंत आली. भिंत पार गायरानापर्यंत काहून गेली?

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. खिडकीतून 'महाकेंद्र'मधला 'म' दिसत होता.

"नाव मावेना म्हणून," मी म्हणालो.

चारातच भागलं. आदेशाचा कुठंही भंग झाला नाही.

पण कारण सापडलं म्हणजे अडचण सुटली असं नसतं. हे वाक्य मी पोरांना पूर्वीही सांगत असे, त्या दिवशी मलाच ऐकू आलं. भिंत फोडा असं भाऊसाहेबांना कोण सांगणार? ते मेव्हण्याचं पुलाचं काम एकवेळ कबूल करतील, नावातलं एक अक्षर कमी करणार नाहीत. घाटे भरत चालले होते. गोदाबाई रोज भिंतीपलीकडून विचारायची, "निंगाला का शोध?" आणि मी रोज सांगायचो, "निघतोय."

तोड शेवटी क्वाबेनानंच काढली. "सर, आपण पाचवं काहून भाऊसाहेबांविरुद्ध वापरतो. म्हणून ते बंद झालं. त्यांच्या बाजूनं विचारलं तर? उपाय ज्याच्या हातात आहे, त्याचीही काही अडचण असेलच ना."

आम्ही विचार केला. भाऊसाहेबांची अडचण काय? सगळं तर आहे. मग मला आठवलं की त्या हिवाळ्यात त्यांचा चेहरा उतरलेला असे. इमारतीचं उद्घाटन झालं होतं, भिंतीचं झालं होतं, बोअरचं झालं होतं, ध्वजस्तंभाचं झालं होतं, मुलींच्या स्वच्छतागृहाचं तर पाहुणे बदलून दोनदा झालं होतं. निवडणुका जवळ आल्या होत्या आणि भाऊसाहेबांकडे उद्घाटन करायला काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलांनी त्यांच्यासमोर चित्र ठेवलं: मागच्या भिंतीत एक भव्य स्वागतकमान. दोन खांब, वर कळस, त्यावर नाव. भाऊसाहेब चित्राकडे बघत राहिले.

"पन मांगून कोण येईन?"

चिसोमोनं काही लपवलं नाही. "रोही येतील, भाऊसाहेब. गायरानातून कमानीतून आवारात, आवारातून नाल्यावर. नाल्याकडे भिंत नाहीच. मावशीचं शेत वाचेल."

"रोही तं रोही," भाऊसाहेब म्हणाले. डोळे कळसावर. "कमान उंच किती ठेवता?"

शोधाच्या इतिहासात हा क्षण कुणी नोंदवणार नाही म्हणून मी नोंदवतो. भिंत दोन दिवसांत फुटली. आम्ही शेताच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या रचून शेतातली वाट बुजवली, साड्या सोडवल्या, आणि उद्घाटनाची तारीख ठरली.

मुख्य पाहुणे सकाळी दहाला येणार होते. मी अनुभवानं डबा घेऊन गेलो. मंडप, सोफे, कमानीला झेंडूचं तोरण, पायाशी रांगोळी, मधोमध लाल फीत. गोदाबाईला पहिल्या रांगेत बसवलं होतं, कारण भाषणात तिचा 'बळीराजा' म्हणून उल्लेख होणार होता. सूत्रसंचालक चित्रकलेचे गुरुजी. गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचे तेच. लग्नात मंगलाष्टकांच्या आधी दोन शब्दही तेच बोलतात. पाहुणे गायरानाच्या बाजूनंच कमानीतून प्रवेश करणार, तेव्हा गुरुजींना हुकूम होता, तिकडे धूळ दिसली की सुरू करा.

दहाचे बारा झाले, बाराचे तीन. लोक ताटकळले. शेवटी पुढच्या बाजूला पंगत बसवली आणि पुरी-भाजी-बुंदीच्या वासानं अख्खा मंडप तिकडे सरकला. मागे कमानीपाशी उरलो आम्ही: मी, मुलं, गोदाबाई आणि माईकवर गुरुजी, ज्यांनी घसा बिघडू नये म्हणून काही खाल्लं नव्हतं आणि चष्मा पुसायला काढला होता.

दिवस कलला. रोही वेळ पाळतात.

गायरानाकडे धूळ उठली. गुरुजींनी माईक पकडला.

"ज्या क्षणाची आपण सकाळपासून आतुरतेनं वाट पाहत होतो, तो क्षण आता अगदी समीप आलेला आहे! आपल्या वाशीम जिल्ह्याचं भूषण, ज्यांच्या पदस्पर्शानं ही भूमी पावन होणार आहे..."

सगळ्यात पुढे काळसर निळा नर. आधी तो काट्यांकडे गेला. हुंगलं. गोदाबाईनं माझं मनगट पकडलं, ते आठवडाभर दुखत होतं. मग त्यानं मान वळवली आणि कमानीकडे आला. थांबला. कळस पाहिला की नाही सांगता येत नाही. तोरण मात्र पाहिलं, आणि झेंडूची एक माळ शांतपणे खाल्ली.

"...त्यांचा साधेपणा पाहा! कुठलाही बडेजाव नाही..."

आणि तो फितीतून आत आला. फीत त्याच्या छातीवर ताणली, तुटली, शिंगाला अडकून लोंबू लागली. मागून माद्या, त्यांच्यामागे पिल्लं, सगळी रांगोळीवरून. कर्ण्याचा आवाज त्यांना नवा नव्हता. आमच्याकडे रोही निवडणुकांत वाढलेले असतात. 'नियोजित क्रीडासंकुल' असा फलक होता त्या गवताळ जागेवर ते क्षणभर रेंगाळले आणि नाल्यात उतरले.

"...जोरदार टाळ्यांनी आपण त्यांचं स्वागत करू या!"

मुलांनी खरोखर टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी चष्मा घातला, कमानीकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना पुढचं वाक्य सुचलं नाही.

गोदाबाईनं माझं मनगट सोडलं. ती आपल्या बांधावर गेली आणि हरभऱ्याकडे बघत उभी राहिली.

पाहुणे अर्ध्या तासानं आले. नवी फीत बांधली, कापली. रांगोळीकडे पाहून ते म्हणाले, "नक्षी वेगळीच आहे. कलाकार कोण?" भाऊसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझा सत्कार झाला.

हरभरा घरात आला. मुलांना भाऊसाहेबांच्या फोटोसह प्रमाणपत्रं मिळाली आणि ती गेली. दुसरी तुकडी कधी आली नाही. भाच्यानं हार्डवेअर सोडून मोटारींचा धंदा धरला म्हणतात. मला वाईट वाटलं. त्या पोरांना मी आणखी पुष्कळ शिकवू शकलो असतो, निदान ती मला शिकवू शकली असती. चिसोमो आता ब्लांटायरमध्ये बापाच्या दुकानामागच्या खोलीत शाळकरी मुलांना हाच विषय शिकवते. तिनं कळवलंय की पद्धत तिकडेही उत्तम चालते. पाचव्या प्रश्नाला तिकडेही कुणीतरी भाऊसाहेबच निघतात.

गजानन अक्षय्यतृतीयेच्या सुमारास परतला. घरातली पोती त्यानं हातानं दाबून पाहिली, आणि आईला म्हणाला, "एक साल आलं म्हनून काय झालं? पुढच्या साली येईन कायवरून?" त्याचंही खरं होतं. कारण तेवढ्यात भाऊसाहेबांना कळलं होतं की रोही जाता-येता त्यांनी इमारतीसमोर लावलेली हिरवळ खातात. त्यांनी कमानीला लोखंडी फाटक बसवायचं ठरवलं. फाटक लागलं की कळप पुन्हा हरभऱ्यात, हे सांगायला मी त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "सर, दार नाइ ते कसलं दार?"  मी बाहेर येऊन गोदाबाईला सांगितलं. ती "बरं" म्हणाली, इतकंच.

फाटक बसवायला अन्वर वेल्डर आला, रिसोडचा. मीही गेलो होतो, काहीतरी अडवता येतं का बघायला. अन्वर कमानीच्या खांबाशी वाकला आणि तसाच मागे सरला. खांबाच्या पायाशी एक गोटा होता, शेंदरानं माखलेला, समोर उदबत्तीची राख.

"हे कवा आलं?" त्यानं विचारलं.

"मले काय माइत," गोदाबाई बांधावरून म्हणाली.

"ना बावा. देवाच्या जागी डिरिल मारत नसतो मी. तुमचा देव, पन हात माह्याच जाईन." त्यानं मशीन गाडीत टाकलं.

भाऊसाहेब आले, उभे राहिले, गोट्याकडे पाहिलं. मग आजूबाजूला जमलेल्या मतदारांकडे पाहिलं. मग चपला काढल्या. संध्याकाळपर्यंत तिथं सभामंडपाचं भूमिपूजन जाहीर झालं.

मी गोदाबाईला नंतर एकटीला गाठलं. "मावशी, हे तुम्ही केलं?"

"म्या काय केलं? गोटा तथीच होता. शेंदूर घरात होता."

मागच्या वर्षी दसरा झाल्यावर ऊसतोडीचे ट्रक आले. वस्तीवरची बिऱ्हाडं चढली. मी केनवडला काही कामानं गेलो होतो, म्हणून वाकडी वाट करून तिकडे डोकावलो. गजानन शेतात हरभऱ्यासाठी वखर हाकत होता. नातू बांधावर दप्तर घेऊन बसलेला.

"काय रे," मी विचारलं, "यंदा गेला नाहीस?"

त्यानं बैल थांबवले आणि चिडूनच कमानीकडे हात केला.

"कसा जाऊ, सर? मायनं देव मांडून ठेवला ना तथी. गावातले लोक येऊन राह्यले नवस बोलाले. त्याची रोजची दिवाबत्ती मंग कोण करन?"